नळाजवळची पट्टी

मुलुंड पूर्व
६ जुलै २०२५

ती. सगुणाआत्यास,
विनूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. गेल्या महिन्यात तुझ्या जावयाला, दिपेशला, साधी सर्दी झाली होती, तर तू लहूला सांगून अर्धा कोळीवाडा आमच्या दारात आणून उभा केलास. तुझा मुलगा बिचारा शहाळी घेऊन आला आणि हा आपला सोफ्यावर बसून क्रिकेट बघतोय. दिपेशला अजून लाज वाटते. म्हणून आता पत्र. तुझं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे, तेव्हा उत्तर तुझ्याच हातचं हवं. लहूच्या मोबाइलवरून नुसता अंगठा पाठवलास तर मी बोलणार नाही.

तर बातमी अशी की, संस्थेनं मला भांडुपच्या शाळेतून मुलुंडच्या शाळेत आणलं ते प्रभारी मुख्याध्यापिका करून. प्रभारी म्हणजे तात्पुरती. जमलं तर कायम करतील. खुर्ची फिरती आहे. पहिल्या दिवशी दार लावून दोनदा फिरून घेतलं. बाबा असते तर त्यांनी आधी तुलाच सांगायला धाव घेतली असती.

पण आत्या, या शाळेत मी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात डबा खातात. बसायला तागाच्या पट्ट्या अंथरतात. एक लांबलचक, सगळ्यांची. दुसरी तोकडी, पार टोकाला नळाजवळ. डब्यात मासे, अंडं, मटण असेल त्यानं नळाजवळ बसायचं. हा नियम कुणी केला कुणाला माहीत नाही, पण शिपायापासून संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मुलं त्या पट्टीला मासळी बाजार म्हणतात. हे त्यांनी कुठून उचललं ते तुला सांगायला नको. वर्गात गोंगाट झाला की आमच्या बाया दुसरं काय ओरडतात? आणि दर वर्षी स्नेहसंमेलनात कोळी नाच मात्र हवाच. भाड्याच्या टोपल्या, त्यात प्लॅस्टिकचे पापलेट. प्लॅस्टिकच्या पापलेटला टाळ्या आणि खऱ्याला नळाची ओल!

तिसरीत मीरा म्हणून मुलगी आहे. खाडीवरची, आपलीच. तिची आई शेवंती ओहोटीला खाडीत उतरते आणि दुपारी स्टेशनजवळ मासळी विकते. ही मीरा भिंतीकडे तोंड करून जेवते. घास चावत नाही, गिळते. कधी एकदा डबा बंद करते असं झालेलं असतं तिला. तिच्या शेजारी तो इयान असतो, गावठाणातल्या सेलिनाचा मुलगा. तो अंड्याचं सँडविच खात जगाशी गप्पा मारतो, त्याला काही वाटत नाही. पण मीरा मान वर करत नाही गं.

मी ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या व्हरांड्यात एकच पट्टी राहील आणि मीरा तिथं सगळ्यांबरोबर बसून जेवेल. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.

दिपेशचा नमस्कार. तुझा लोभ आहेच, त्यात थोडी भर पडली तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
विनू

वेसावे
१३ जुलै २०२५

चि. सौ. विनू हिस,
सगुणाआत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता की आजी, तुम्हाला अजून पत्रं येतात? मी म्हटलं येणार नायतर काय, भाची हेडबाई झालीय. आता तो मला नमस्कार करून जातो. खुर्चीत फिरू नकोस, चक्कर येईल. तुला लहानपणी पाळण्यात पण ओकारी यायची.

तुझी ती पट्टीची गोष्ट वाचली आणि माझं रक्त उकळलं. लहू म्हणाला आई, बीपी वाढेल. वाढू दे! मी सांगते ते कर. टोपलीभर सुके बोंबील घेऊन जा आणि ठेव त्या सेक्रेटरीच्या टेबलावर. पंखा लाव वरून. दार लावून घे. अर्ध्या तासात नियम बदलतो की नाय बघ. तू हसशील, पण मी अंधेरीच्या बाजारात जन्म घालवला. मासळी खाताना बोटं चाटणारे आणि पाटी शेजारून गेली की नाकाला रुमाल लावणारे, मी सगळे बघितलेत. बरेचदा ते एकच असतात.

इकडं बोटी वर ओढून ठेवल्यात. लहू जाळी विणतो आणि दिवसातून चारदा चहा मागतो. मी आणि कुंदा सुका जवळा निवडत बसतो. कुंदा म्हणजे लातूरकडची, मागच्या खोलीत भाड्यानं राहते. बाईचा हात असा चालतो की माझे डोळे दमतात. तिला दोन वेळ तिच्या कपात चहा देते. कप तिचा वेगळा खिडकीत असतो, धुते तीच. बोलायला गोड आहे, पाऊस पडला की मला एकटीला बरं वाटत नाय म्हणून उगीच बसून राहते.

त्या मीराला माझा पापा दे. आणि भ्यायचं नाय गो बाय. कोळ्याची पोर वाऱ्याला विचारून बोट सोडते, माणसांना विचारून नाय.

जावयांना आशीर्वाद. माया आहे ती आहे, कागदावर किती मावणार.

तुझी,
सगुणाआत्या

मुलुंड पूर्व
२७ जुलै २०२५

ती. सगुणाआत्यास,
सा. न. वि. वि.

बोंबलाच्या टोपलीशिवाय काम झालं! नळाजवळची पट्टी गेली. शिपायाला सांगून मी ती गुंडाळून माळ्यावर टाकायला लावली.

कसं केलं ते ऐक. मी विचार केला, भांडण कशावरून आहे? डब्यात काय आहे त्यावरून. मग डबाच सारखा केला तर? गणवेश नाही का सगळ्यांचा एक असतो? पालकांना सूचना काढली की उद्यापासून प्रत्येकानं भाजी-पोळीच आणायची. कुणाचा डबा वेगळा नाही, म्हणजे कुणी वेगळं बसायचा प्रश्नच नाही. सेक्रेटरीसाहेबांनी मला चहाला बोलावलं. म्हणाले, बाई, तुम्ही कोळी असून हा निर्णय घेतलात, तुमचं मन मोठं आहे. मला काय गं, दोन दिवस तरंगतच होते मी. कुणी म्हणायला नको ना, की ही आली आणि आपल्या जातीचं बघायला लागली.

पद्मजा म्हणून एक पालक आहे, तिसरीतल्या कृणालची आई. त्यांचं घर माळकरी. ती फाटकापाशी थांबून माझे हात हातात घेऊन आभार मानून गेली. कृणालला मागे एकदा वासानं उलटी झाली होती म्हणे, तेव्हापासून तिला रोज धास्ती असायची.

आता व्हरांड्यात एकच पट्टी, आणि मीरा बरोबर मधोमध बसते. बघून डोळे निवतात. फक्त गेले काही दिवस ती पोट दुखतं म्हणते आहे. पावसाळ्याचं पाणी, दुसरं काय. शेवंतीला सांगायला हवं पाणी उकळून दे म्हणून.

लहूला म्हणावं चहा कमी कर. तुझ्या शाबासकीची वाट बघते, ती पाठवताना हात आखडू नकोस.

तुझी,
विनू

वेसावे
३ ऑगस्ट २०२५

विनू,

आशीर्वाद आहेत, पण आज ते खाली लिहीन. आधी बोलून घेते.

कसली शाबासकी मागतेस? अक्कल गहाण टाकलीस काय? सगळ्यांना सारखं केलं म्हणतेस. सारखं म्हणजे कुणासारखं? त्या कृणालनं काही सोडलं? लांब पट्टीवरच्या कुणी सोडलं? सोडलं कुणी, तर नळाजवळच्यांनी. पट्टी गुंडाळून माळ्यावर टाकलीस आणि तिच्याबरोबर त्या पोरीची भाकरी पण टाकलीस. आधी तिला बाजूला तरी बसवत होते. तू तर तिचं घरच शाळेतून काढलंस. वर त्यांनी तुझं मन मोठं म्हटलं की तू तरंगलीस!

शेवंतीच्या घरी सकाळी काय असतं ते तुला मी सांगायचं? पहाटेची ओहोटी असली की ती बाई अंधारात चिखलात उतरणार. रात्रीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, हाच पोरीचा डबा. तोच तुझ्या आईनं तुला दिला, तोच मी लहूला दिला. आता तिनं भाजी आणायची, निवडायची, पोळ्या लाटायच्या, त्या कधी? भरती-ओहोटी हेडबाईची सूचना वाचून येत नाय.

आणि पोट दुखतंय म्हणे! तू शिकलेली ना? त्या पोरीचा डबा उघडून बघ. उघडून बघेपर्यंत मला पत्र घालू नकोस.

नारळी पुनवेला ये म्हणणार होते. नको येऊस. लहू तुझ्या वाटणीच्या करंज्या खाईल.

आशीर्वाद.

सगुणाआत्या

मुलुंड पूर्व
१६ ऑगस्ट २०२५

ती. सगुणाआत्यास,
चुकलेल्या भाचीचा नमस्कार. वि. वि.

डबा उघडला. रिकामा होता.

घासून लख्ख केलेला, कोरडा. आत्या, ती रोज तो डबा पुढ्यात घेऊन बसत होती. झाकण अर्धं उघडून धरायची, आत हात घालायची, हात तोंडाशी न्यायची आणि चावल्यासारखं करायची. सगळ्यांच्या मधोमध बसून! आणि मी लांबून बघून डोळे निववत होते. मी तिला ऑफिसात नेलं आणि माझा डबा दिला. तिनं आधी विचारलं की बाई, हे मी खाल्लं तर सूचना मोडेल का? मला रडू आवरलं नाही. ती खात होती आणि मी रडत होते, असा तो प्रकार.

शेवंतीला बोलावलं. ती ओल्या लुगड्यानंच आली आणि ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, इथं बरं आहे, फरशीला वास लागेल. तिला पोरीनं सांगितलं होतं की आता शाळेतच जेवण मिळतं. तिला खरं कळल्यावर ती ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली की दाखला द्या, खाडीपलीकडं तिच्या बहिणीकडं शाळा आहे, तिथं घालते. पोरगी शिकली नाही तरी चालेल पण उपाशी राहिलेली चालणार नाही. अर्ज देऊनच गेली. मी तिच्याकडून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर मीरा मान वर करून, आपलं स्वतःचं जेवण, सगळ्यांबरोबर जेवली नाही तर मी माझ्या हातानं दाखल्यावर सही करीन असा शब्द दिलाय.

सूचना मी मागे घेतली. वाट लागली आहे, हे खरं. पद्मजानं पालकांच्या सह्यांची तक्रार दिली. सेक्रेटरीसाहेब म्हणतात नळाजवळची पट्टी परत अंथरा, नाहीतर कायम होण्याचं विसरा. ती पट्टी मी अंथरणार नाही. पण पद्मजा वाईट बाई नाही गं. ती रडत होती. माझ्या मुलाला त्रास होतो, तो काय माणूस नाही का, असं तिचं म्हणणं. त्यालाही उत्तर हवं. त्याला मारून मुटकून शेजारी बसवलं तर पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूनं. श्रावणात अर्धी शाळा तशीही सोवळ्यात असते म्हणून जरा शांत आहे. गणपतीनंतर खरी परीक्षा.

आता एक बोलते, रागावशील तर रागाव. तुझं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग त्याच्या आधीचंही काढलं. आत्या, कुंदाचा कप खिडकीत का असतो? दिवसभर तुझ्याबरोबर एका सुपात हात घालणाऱ्या बाईचा कप फळीवर का नाही? सेक्रेटरीला बोंबील पाठवण्याआधी तुझ्या खिडकीकडे एकदा बघ. मी तुझीच भाची, तुझ्याकडूनच तोंड घेऊन आले आहे.

लोभ तुटला नसेल तर कळव. तुटला असेल तरी कळव, मी येऊन जोडून घेईन.

तुझी,
विनू

वेसावे
३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विनू हिस,
आशीर्वाद, थोडे कमी.

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात कोंबून ठेवलं होतं. काढलंच नाय. माझ्याच घरातली पोर मला शिकवते, वर तोंड करून! लहूनं विचारलं ताईनं काय लिहिलंय, त्याला म्हटलं तुझं काम कर. मग गौरीसाठी तांदूळ काढायला गेले तर पत्र पुन्हा हातात.

तर ऐक, आणि हसू नकोस. गौरीच्या दिवशी मी कुंदाला घरातल्या कपात चहा दिला. तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणते कशी, मावशी, या बोळक्यात माझं काय होणार, माझा मोठा कपच बरा! मी इतका धीर करून दिला आणि हिला चहा कमी पडला. मग मी पण माझ्यासाठी तेवढाच मोठा कप काढला. दोन्ही कप आता एका फळीवर असतात आणि चहापावडर महिनाभर पुरेल असं वाटत नाय. झालं समाधान? या विषयावर पुन्हा एक अक्षर लिहू नकोस.

इकडची बातमी. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर लहूची बोट गेली. त्याचा भागीदार विन्सेंट, मढचा, तुला माहीत आहे. पहिल्याच खेपेला मासळी चांगली लागली आणि दोघं किनाऱ्यावर भांडायला लागले. मोठा हलवा मासा कुठल्या वाट्यात जायचा, यावरून! खलाशी दात काढून बघतायत. शेवटी मी गेले. सगळे वाटे घालायला लावले आणि विन्सेंटला समुद्राकडं तोंड करून उभा केला. लहूनं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा. विन्सेंटनं मागं न बघता नाव घ्यायचं, मालकाचं असो की खलाशाचं. आणि एकदा नाव घेतलं की घेतलं, मग देव आला तरी बदलत नाय. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच. मोठा हलवा गेला सगळ्यात धाकट्या खलाशाच्या वाट्याला. दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी घरी येईपर्यंत हसत होते.

तुझ्या शाळेचं मला काय सुचत नाय. पण ती तोकडी पट्टी माळ्यावरून काढू नकोस. त्या पद्मजाबाईवर तोंड टाकू नकोस, पोर ओकलं की आईचा जीव तुटतोच. शेवंतीला सांग वेसाव्याची सगुणा विचारत होती.

करंज्या दोन ठेवल्या होत्या, त्या मऊ पडल्या. मायेचं तसं नाय, ती कुरकुरीत आहे अजून.

तुझी,
सगुणाआत्या

मुलुंड पूर्व
२१ सप्टेंबर २०२५

ती. सगुणाआत्यास,
हात जोडून आणि मिठी मारून नमस्कार. वि. वि.

तुला काही सुचत नाही म्हणतेस आणि सगळं सांगून मोकळी होतेस! कपाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. नुसती हसते आहे.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि उठून सरळ तिसरीच्या वर्गात गेले. मुलांना विन्सेंट आणि हलव्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती इतकी आवडली की मला पुन्हा सांगावी लागली. मग म्हटलं, आपण जागांचे वाटे घालूया का? मधल्या सुट्टीत लांब पट्टी अंथरली. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, त्याला आम्ही विन्सेंट म्हणतो. दुसरा पट्टीवरच्या एकेका जागेवर पाय ठेवून ओरडतो, हा कुणाचा? विन्सेंट न बघता नाव घेतो. ज्याचं नाव, तो तिथं बसतो. रोज नवे वाटे. ठरवून मैत्रिणीशेजारी नाही, ठरवून लांब नाही. विन्सेंट व्हायला तर रांग लागते. मी बाईंना विनवण्या केल्या नाहीत की पालकांना समतेवर भाषण दिलं नाही. भाषणं करून मी थकले होते.

एक सोय ठेवली आहे. ज्याला शेजारच्या डब्यानं खरंच कसंतरी होईल त्यानं सांगायचं आणि पट्टीच्या टोकाला जायचं, पण एकट्यानं नाही, एक सोबती घेऊन. ज्याला त्रास होतो तो सरकेल. ज्याचा डबा आहे त्याला कुणी हलवायचं नाही. कुणाच्याही डब्यातलं दुसऱ्याच्या डब्यात जायचं नाही, हेही बजावलं. पद्मजाला हे सगळं मी तिच्या घरी जाऊन समजावलं. तिनं पोहे दिले, तक्रार मागे घेतली नाही.

पहिल्या आठवड्यात कृणालची जागा मीराच्या शेजारी आली. तो नाक दाबून बसला, मग हात वर केला आणि टोकाला गेला. सोबत इयान गेला, कारण इयानला कुठंही जायला आवडतं. मीराची मान खाली गेली. मला वाटलं संपलं. पण दोन दिवसांनी पुन्हा तिच्याच शेजारी आली त्याची जागा. या वेळी तो बसला. जरा पाठ फिरवून, पण बसला. नंतर ऑफिसात येऊन मला सांगून गेला की बाई, बोंबलाला वास असतो पण निवट्याला कमी असतो, तर निवट्याच्या दिवशी मला जमतं. चिखलात उड्या मारणाऱ्या या निवट्या माशांबद्दल त्याला मीरानं एवढं सांगितलंय की आता तो मला शिकवतो. खाणार कधीच नाही, घरची माळ आहे. पण ओळख झाली.

मीरा अजून मान खाली घालूनच जेवते. पण जेवते.

आता वाईट बातमी. सेक्रेटरीसाहेबांनी बोलावून सरळ विचारलं, नळाजवळची पट्टी परत अंथरता की खुर्ची सोडता? मी म्हटलं खुर्ची तशीही फार फिरते. घरी येऊन मात्र मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी मिळाली होती गं. दिपेशनं गपचूप भात टाकला आणि म्हणाला, वर्ग कुठं कुणी काढून घेतंय? नवरात्रानंतर निकाल कळेल.

आशीर्वाद या वेळी कमी नकोत, भरभरून हवेत.

तुझी,
विनू

मुलुंड पूर्व
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सगुणाआत्यास,
तिसरीच्या वर्गशिक्षिकेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मायना वाचून कळलंच असेल. खुर्ची गेली. अनुभव कमी पडतो असं कारण लिहिलंय. जागी जयाबाई म्हणून आल्या आहेत, संस्थेच्या जुन्या. मला तिसरीचा वर्ग दिला. माझ्या दृष्टीनं शिक्षा द्यायची तर त्यांनी मला सातवी द्यायला हवी होती.

जयाबाई आल्या त्याच दिवशी त्यांनी शिपायाला माळ्यावर चढवलं आणि तोकडी पट्टी खाली काढली. झटकून नळाजवळ अंथरली. मी व्हरांड्यात मुलांबरोबर पट्टीवर बसले होते, आणि आता मला काही बोलायचा अधिकार नव्हता. मी ओठ इतके आवळून धरले होते की दुखायला लागले.

वाटे घालून झाले होते, मुलं लांब पट्टीवर आपापल्या जागी बसली होती. त्या दिवशी विन्सेंट होता कृणाल. भिंतीकडे तोंड करून उभा. जयाबाईंनी जाहीर केलं की मांसाहारी डब्यांनी नळाजवळ जावं. असंच म्हणाल्या, डब्यांनी. इयाननं डबा बंद केला. मीरा उठायलाच लागली. तिला सवय आहे ना. सुट्टीला आठवडा राहिलेला, शेवंतीचा अर्ज माझ्या कपाटात, आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरगी डबा उचलते आहे. आत्या, मला वाटलं मी हरले.

तेवढ्यात कृणालनं भिंतीकडे बघतच मोठ्यानं सांगितलं की मीराचं नाव घेऊन झालंय, आता जागा बदलत नाही. जयाबाईंनी त्याला मागे वळायला सांगितलं. तो म्हणाला, वळता येत नाही, सगळे बसल्याशिवाय विन्सेंट वळत नाही. मग कोण उभं आहे, असं त्यांनी विचारलं. अर्धवट उठलेली मीरा पुन्हा टेकली आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. उभ्या होत्या जयाबाईच. तेव्हा इयाननं जागेवरूनच हात लांब करून पट्टीवरची एक मोकळी जागा थोपटली आणि विचारलं, हा कुणाचा? कृणालनं क्षणभर विचार केला आणि नाव घेतलं, मोठ्या बाईंचा.

ती जागा मीराच्या डाव्या हाताला होती. जयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही शिकवलेलं नव्हतं गं, शपथ. माझंच तोंड उघडं राहिलं होतं. त्या तशाच उभ्या, पोरं त्यांच्याकडे बघत, कुणी घास घेईना. मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि बसल्या. अवघडून, गुडघ्यावर हात टेकून, पण बसल्या. कृणाल वळला. डबे उघडले. मीरानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डबा पुढ्यात सरळ ठेवला, आणि आत्या, ती मान वर करून जेवली. चावून चावून. मध्येच इयानच्या कुठल्याशा थापेवर खळखळून हसली, तेव्हा तिच्या ओठाला भाताचं शीत लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बघतच होते, तोकडी पट्टी नळाजवळ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला बाईंनी सांगितलंय की राहू द्या. शेवंती अर्ज परत घेऊन गेली. या वेळी ऑफिसच्या आत आली, चिखलाच्या पायांनी, आणि मी पुसायचं फडकं लपवून ठेवलं. पद्मजा फाटकापाशी भेटली. तिला अजूनही हे आवडलेलं नाही, तसं तिनं तोंडावर सांगितलं. पण तुमची खुर्ची जावी असं मला नको होतं हो, असंही म्हणाली, आणि कृणालला रोज पाठवते आहे.

खुर्चीचं वाईट वाटतं. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की विसरते.

दिवाळीला येऊ ना? लोभाचं मी आता विचारत नाही, तो माझ्या वाट्याचाच आहे.

तुझी,
विनू

वेसावे
१५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विनू हिस,
आशीर्वाद. सगळे. मागचे कापलेले पण यातच धर.

पत्र लहूनं वाचून दाखवलं, कारण माझ्या चष्म्यावर पाणी आलं होतं. कुंदा म्हणाली मावशी, परत वाचायला सांगा. परत वाचलं.

मी आयुष्यभर शाळांच्या फाटकाबाहेर मासळीची पाटी घेऊन उभी राहिले. लहूच्या शाळेत, तुझ्या शाळेत, बक्षीससमारंभाला सुद्धा. आत या असं कुणी म्हटलं नाय आणि मी विचारलं पण नाय. अंगाला वास असायचा, तुम्हाला पोरांनी चिडवू नये म्हणून मीच लांब राहायचे.

शुक्रवारी सुट्टी लागायच्या आधी मी मुलुंडला येते. लहू आणून सोडेल. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन येते, माझ्यापुरती. मधल्या सुट्टीत त्या पोरांना सांग की सगुणा म्हणून एक म्हातारी आली आहे, तिची पण जागा काढा. शेजारी कोण येईल ते येऊ दे. फक्त नाव मोठ्यानं घ्यायला सांग, मला एका कानानं कमी ऐकू येतं.

तुझी,
सगुणाआत्या